विष्णुदास भावे

विष्णू अमृत भावे ऊर्फ विष्णुदास भावे (जन्म : इ.स. १८१९ च्या सुमारास. मृत्यू : ९ ऑगस्ट, इ.स. १९०१) हे मराठी नाटककार, पदकर्ते, नाट्यशिक्षक आणि नाटक मंडळीचे चालक होते. ५ नोव्हेंबर, इ.स. १८४३ रोजी सांगली येथे त्यांनी सादर केलेल्या सीतास्वयंवर या नाटकापासून आधुनिक मराठी रंगभूमीचा आरंभ झाला, असे मानले जाते. यामुळे त्यांना मराठी रंगभूमीचे जनक म्हणतात आणि ५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. विष्णुदासांच्या नाटकांत कथानकाचा क्रम ठरलेला असे व पदे रचलेली असत. पात्रांचे गद्य भाषण मात्र लिहिलेले नसे. ते नटाने प्रसंग ओळखून रंगमंचावर स्वतःच करावयाचे असे. या पद्धतीमुळे विष्णुदासांची पदे ग्रंथरूपाने शिल्लक राहिली, पण त्यांच्या नाटकांत प्रत्यक्ष बोलला गेलेला गद्य भाग काळाच्या ओघात नाहीसा झाला.

पार्श्वभूमी

विष्णुदासांचा जन्म पटवर्धन घराण्याच्या सांगली संस्थानात झाला. मिरजेच्या पटवर्धनांपासून वेगळे होऊन चिंतामणराव ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कृष्णाकाठच्या सांगलीस आपली राजधानी केली होती. गणपती हे पटवर्धनांचे आराध्यदैवत. सांगलीचे गणपती मंदिर चिंतामणरावांच्याच कारकिर्दीतील आहे.

हा काळ मराठी राज्यकर्त्यांच्या उतरत्या सत्तेचा होता. इ.स. १८१८ मध्ये पेशवाई संपली. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना कंपनी सरकारने इ.स. १८३९ मध्ये पदच्युत केले आणि इ.स. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले. सांगलीसारखी लहान संस्थाने टिकून होती, परंतु तेथील कलावंतांचे जीवन एका व्यक्तीच्या मर्जीवर आणि आयुष्यावर अवलंबून असे. विष्णुदासांच्या चरित्रातील मोठे वळण याच कारणाने आले. (स्वातंत्र्यानंतर इ.स. १९४९ मध्ये सांगली, मिरज इत्यादी संस्थानांचा प्रदेश आणि सातारा जिल्ह्यातील काही तालुके मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला. इ.स. १९६० मध्ये त्याला सांगली जिल्हा हे नाव मिळाले.)

त्या काळी मराठी मुलखात कीर्तन, लळित, भारूड, गोंधळ, तमाशा, कोकणातील दशावतार आणि कळसूत्री बाहुल्यांचे खेळ हे लोकांच्या करमणुकीचे व प्रबोधनाचे प्रकार रूढ होते. त्यांत कथा, गायन, सोंग आणि विनोद ही नाटकाची अंगे सुटी सुटी उपलब्ध होती. एक संपूर्ण कथानक निरनिराळ्या पात्रांनी आरंभापासून शेवटापर्यंत मराठीत वठवून दाखवावे, असा प्रयोग मात्र महाराष्ट्रात रूढ नव्हता.

सुरुवातीचे जीवन

विष्णुदासांचे वडील अमृतराव भावे हे चिंतामणरावांच्या पदरी नोकरीस होते. शालेय विद्येपेक्षा हस्तकलेकडे आणि गोष्टी रचण्याकडे विष्णुदासांचा ओढा अधिक होता. मूर्ती घडविणे, लाकडी बाहुल्या तयार करणे यांत त्यांना चांगली गती होती. आकृती घडविणारा हात आणि कथा जुळविणारी बुद्धी या दोहोंचा उपयोग त्यांना पुढे नाटकाच्या कामी झाला. पुराणकथांचा त्यांचा परिचय कीर्तन-पुराणांच्या परंपरेतून झालेला होता. पाश्चात्त्य नाटक त्यांनी तोपर्यंत पाहिलेले नव्हते.

भागवत मंडळींचा खेळ

इ.स. १८४२ मध्ये उत्तर कानडा भागातील कर्की या गावची भागवत मंडळी सांगलीस आली. यक्षगानाच्या वळणाचे, पौराणिक कथांवरचे खेळ ही मंडळी कानडी भाषेत करीत असे. चिंतामणरावांनी हे खेळ पाहिले. कल्पना त्यांना आवडली, पण सादरीकरण ओबडधोबड वाटले आणि भाषाही प्रजेच्या मोठ्या भागाला परकी होती. असेच खेळ अधिक नीटनेटक्या स्वरूपात मराठीत व्हावेत, अशी त्यांची इच्छा झाली. हे काम त्यांनी विशीतील विष्णुदासांवर सोपविले.

विष्णुदासांपुढे कोणताही मराठी नमुना नव्हता. पदे रचणे, चाली बसविणे, नट निवडणे, त्यांना शिकविणे, वेष व मुखवटे तयार करविणे, पात्रांच्या प्रवेशाचा क्रम ठरविणे ही सर्व कामे त्यांना करावी लागली. नट म्हणून लोकांसमोर उभे राहणे त्या काळी प्रतिष्ठितांना कमीपणाचे वाटत असे. त्यामुळे माणसे मिळविणे हीच पहिली अडचण होती. संस्थानिकांचा भक्कम पाठिंबा असल्यामुळेच ती दूर झाली.

सीतास्वयंवर

५ नोव्हेंबर, इ.स. १८४३ रोजी सांगलीच्या राजवाड्यात चिंतामणराव व निमंत्रित मंडळींसमोर सीतास्वयंवर नाटकाचा प्रयोग झाला. कथा सर्वांच्या परिचयाची होती. जनकाची सभा, शिवधनुष्य, रावणाची फजिती आणि रामाचा विजय हे प्रसंग प्रेक्षकांनी कीर्तनातून अनेकदा ऐकलेले होते. येथे ते एकाच्या तोंडून न ऐकता, वेष घेतलेल्या निरनिराळ्या पात्रांच्या बोलण्या-वागण्यातून त्यांना पाहावयास मिळाले. प्रयोग यशस्वी ठरला. चिंतामणरावांच्या प्रोत्साहनाने विष्णुदासांनी पुढे रामायण, महाभारत व पुराणांतील कथांवर आणखी आख्याने रचली. त्यांनी रचलेल्या आख्यानांची संख्या सुमारे पन्नास आहे.

नाटकाची आखणी

विष्णुदासांच्या नाटकास लिखित संहिता आजच्या अर्थाने नव्हती. त्यांच्या वहीत असे ते आख्यान, म्हणजे कथेचा क्रम आणि त्यास अनुसरून रचलेली पदे. या आखणीचे साधारण स्वरूप पुढीलप्रमाणे होते.

आरंभी सूत्रधार व त्याचे साथीदार मृदंग आणि झांजांच्या साथीवर मंगलाचरण गात. त्यानंतर वनचराच्या वेषातील विदूषक येई. सूत्रधार आणि विदूषक यांच्या विनोदी संवादातून प्रेक्षकांना आजचे आख्यान कोणते ते समजे. सूत्रधाराने स्तवन केल्यावर गणपती प्रकट होऊन निर्विघ्नतेचा आशीर्वाद देई. पाठोपाठ मोरावर बसलेली सरस्वती नृत्य करीत येऊन वर देई. हा पूर्वरंग आटोपल्यावर मूळ आख्यानास प्रारंभ होई.

सूत्रधार खेळ संपेपर्यंत रंगमंचावरच असे. कोणते पात्र आले, प्रसंग कोणता, पात्राच्या मनात काय आहे हे तो पदातून सांगत असे. पद संपले की ते पात्र त्याच आशयाचे भाषण आपल्या शब्दांत करी. समोरचे पात्र त्यास उत्तर देई. बोलण्याचा ओघ संपला किंवा लांबला, की सूत्रधार पुढचे पद सुरू करून कथा पुढे नेई. अशा रीतीने कथेची दोरी सूत्रधाराच्या हाती आणि त्या क्षणाची भाषा नटाच्या तोंडी, अशी कामाची वाटणी होती. पदांसाठी श्लोक, आर्या, साकी, दिंडी इत्यादी कीर्तनपरंपरेतील परिचित रचना व चाली वापरल्या जात.

नटांची विभागणी पात्रांच्या प्रकृतीनुसार केलेली असे. देव व राजे, ऋषी, स्त्रिया आणि राक्षस असे त्यांचे ठळक वर्ग होते. स्त्रियांच्या भूमिका मुले किंवा तरुण पुरुष करीत. देव व राजे संथपणे, संस्कृतप्रचुर मराठीत बोलत. राक्षसांचा प्रवेश आरोळ्या, उड्या, तलवारींचा खणखणाट यांनी गाजत असे. या आरडाओरड्यावरून पुढील पिढीने अशा नाटकांना अललडुर्र नाटके असे थट्टेचे नाव दिले. प्रत्येक वर्गाची बोलण्याची, चालण्याची आणि उभे राहण्याची रीत ठरलेली असल्यामुळे, शब्द लिहिलेले नसतानाही नट भांबावत नसे. आपण कोण, समोर कोण आणि कथेत पुढे काय व्हावयाचे हे त्यास पक्के ठाऊक असे. ते ठाऊक करून देणे हेच विष्णुदासांच्या तालमीचे मुख्य काम होते.

या पद्धतीचे गुण व दोष दोन्ही स्पष्ट होते. हुशार नट प्रेक्षकांचा कल पाहून करुण वा वीररसाचा प्रसंग खुलवीत असे. कमकुवत नट तोच तो मजकूर घोळवीत असे किंवा पौराणिक पात्राच्या तोंडी विसंगत गोष्टी घालीत असे. अक्षरओळख बेताची असलेला माणूसही चांगल्या स्मरणशक्तीच्या आणि बोलण्याच्या बळावर नट होऊ शकत होता, ही या पद्धतीची मोठी सोय होती. संहितेची प्रत बाळगण्याची गरज नसल्याने खेळ गावोगावी नेणेही सोपे झाले.

रात्रीचे प्रयोग

ही नाटके रात्री होत व पुष्कळदा पहाटेपर्यंत चालत. रॉकेलचे आणि विजेचे दिवे येण्यापूर्वीच्या त्या काळात रंगमंचावर समया, दिवट्या आणि मशाली यांचाच उजेड असे. राजवाड्याचा चौक, वाड्याचे अंगण किंवा देवळाचा मंडप यांत मागे एक पडदा बांधला की रंगमंच सिद्ध होई. नट त्या पडद्याआडून येत-जात असत. अरण्य, राजसभा, रणभूमी किंवा लंका यांचे देखावे नसत. स्थळ कोणते ते सूत्रधाराच्या पदावरून समजून घ्यावयाचे असे.

अपुऱ्या उजेडाचा परिणाम वेषभूषेवर व अभिनयावर झालेला दिसतो. दूरच्या प्रेक्षकास पात्र ओळखता यावे म्हणून मुकुट, चमकणारे अलंकार, भडक रंग आणि राक्षसांचे उग्र चेहरे यांचा उपयोग केला जाई. राक्षस येताना मशालीवर राळ उडवून एकदम मोठा भडका केला जाई. राळेचा भडका उडे तेवढ्या क्षणापुरते त्या पात्राचे संपूर्ण रूप दिसे आणि नंतर पुन्हा अंधुक उजेडात खेळ चालू राही. उत्तरकाळात जे प्रकार बटबटीत वाटले, त्यांतील पुष्कळसे या अंधाराच्या गरजेतून आलेले होते.

राजाश्रयाचा अंत

इ.स. १८५१ मध्ये चिंतामणराव पटवर्धन यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात संस्थानाकडून नाटकास मिळणारे साहाय्य बंद झाले. विष्णुदासांवर कर्ज होते. चिंतामणरावांच्या भरवशावर मंडळीत आलेल्या नटांचा निर्वाह कसा व्हावा, हाही प्रश्न होता. वेष, साहित्य आणि आठ वर्षे तयार केलेली माणसे हीच काय ती विष्णुदासांची मिळकत राहिली होती.

या परिस्थितीत मंडळी मोडून टाकण्याऐवजी ती घेऊन परगावी जावे आणि खेळाच्या उत्पन्नावर जगावे, असा निर्णय त्यांनी घेतला. सांगलीकर नाटक मंडळी या नावाने ते दौऱ्यावर निघाले. मराठी नाटक राजवाड्यातून बाहेर पडून सामान्य प्रेक्षकांसमोर गेले, ते अशा रीतीने निरुपायातून गेले. बिदागीवर चालणारी कला येथून व्यवसाय होऊ लागली.

मुंबईतील प्रयोग

सांगलीकर मंडळी इ.स. १८५३ च्या आरंभी मुंबईत पोहोचली. त्या वेळी देशावरून मुंबईस येणारी रेल्वे नव्हती. मुंबई ते ठाणे ही पहिली आगगाडीच त्या वर्षी १६ एप्रिलला सुटली. सर्व बाडबिस्तरा बैलगाड्यांतून घेऊन घाट उतरत मंडळीला हा प्रवास करावा लागला.

मुंबईत सुरुवातीचे प्रयोग खासगी जागेत झाले. नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांसारख्या प्रतिष्ठितांचे लक्ष त्यांकडे गेले. ९ मार्च, इ.स. १८५३ रोजी ग्रँट रोडवरील नाट्यगृहात इंद्रजितवध या नाटकाचा प्रयोग झाला. नाना शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर इ.स. १८४६ मध्ये सुरू झालेले हे नाट्यगृह इंग्रजी नाटकांसाठी बांधलेले होते. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर मराठी नाटक होण्याची सुरुवात येथे झाली. चौकातल्या प्रेक्षकांऐवजी समोर रांगेत बसलेले प्रेक्षक, उघडणारा व पडणारा पडदा आणि रंगवलेले देखावे यांचा विष्णुदासांना मुंबईतच जवळून परिचय झाला.

मुंबईच्या बहुभाषिक प्रेक्षकांसाठी त्यांनी राजा गोपीचंद या कथेवर हिंदुस्थानी भाषेत नाटक बसविले. हिंदी रंगभूमीच्या इतिहासात या प्रयोगाचा उल्लेख आरंभीच्या नाटकांत केला जातो. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात पारशी नाटक मंडळीने याच नाट्यगृहात आपला पहिला प्रयोग केला. एकाच शहरात, एकाच वर्षी दोन मोठ्या रंगभूमींचा धंदेवाईक प्रारंभ झाला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

अन्य मंडळ्या आणि बदलती रंगभूमी

विष्णुदासांच्या यशामुळे त्यांच्याच पद्धतीची नाटके करणाऱ्या अनेक मंडळ्या निघाल्या. इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशी त्यांची नावे गावांवरून पडलेली होती. पद्धत कागदावर अडकलेली नसल्याने ती उचलणे कोणासही सोपे होते. तिच्यावर विष्णुदासांचा हक्क राहणे मात्र अशक्य झाले. ज्या मोकळेपणामुळे त्यांचे नाटक सर्वत्र पसरले, त्याच मोकळेपणामुळे त्यांच्याच कल्पनेवर उभ्या राहिलेल्या मंडळ्या त्यांच्या प्रतिस्पर्धी झाल्या.

दरम्यान इंग्रजी विद्या घेतलेल्या तरुणांना लिहून पाठ केलेले, आटोपशीर नाटक हवेसे वाटू लागले. इ.स. १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचे थोरले माधवराव पेशवे हे नाटक प्रसिद्ध झाले. त्यात गद्य संवाद संपूर्ण लिहिलेले होते आणि विषय ऐतिहासिक होता. अशा नाटकांस बुकिश नाटके म्हणत. यानंतर सूत्रधाराच्या पदावर बेतलेल्या उत्स्फूर्त भाषणाचे महत्त्व कमी होत गेले. इ.स. १८६२ च्या सुमारास विष्णुदासांनी नाट्यव्यवसायातून निवृत्ती घेतली. त्या वेळी त्यांचे वय पंचेचाळिशीच्या आतच होते.

उत्तरायुष्य आणि नाट्यकवितासंग्रह

निवृत्तीनंतर विष्णुदास जवळजवळ चाळीस वर्षे जगले. या काळात मराठी रंगभूमी पूर्ण बदलली. इ.स. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे संगीत शाकुंतल पुण्यात रंगभूमीवर आले आणि गाणे हे सूत्रधाराकडून पात्रांकडे गेले. इ.स. १८९९ मध्ये, विष्णुदासांच्या निधनाच्या दोन वर्षे आधी, गोविंद बल्लाळ देवल यांचे संगीत शारदा आले. देवल हे सांगलीजवळच्या हरिपूरचे. पौराणिक राजवाड्यात सुरू झालेले नाटक अर्ध्या शतकात घराघरांतील जरठ-कुमारी विवाहाच्या प्रश्नापर्यंत पोहोचले होते.

विष्णुदासांनी आपली आख्याने नाट्यकवितासंग्रह या नावाने इ.स. १८८५ मध्ये छापून प्रसिद्ध केली. ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या नाट्यकार्याची हकीकत दिली असून मराठी रंगभूमीच्या आरंभकाळाचे ते एक महत्त्वाचे साधन आहे. संग्रहात अर्थातच पदेच आहेत. ती नुसती वाचणाऱ्यास कथा तुटक वाटते, कारण दोन पदांमधील जागा नटांच्या बोलण्याने भरली जाणार हे गृहीत धरूनच ती रचलेली आहेत.

त्यांनी घडविलेल्या कळसूत्री लाकडी बाहुल्याही त्यांच्या मागे शिल्लक राहिल्या. विसाव्या शतकात शब्दभ्रमकार व बाहुलीकार रामदास पाध्ये यांनी त्यांचे पुनरुज्जीवन करून सीतास्वयंवराचा बाहुल्यांचा खेळ पुन्हा रंगमंचावर आणला.

९ ऑगस्ट, इ.स. १९०१ रोजी विष्णुदास भावे यांचे निधन झाले.

आद्यत्वाचा प्रश्न

मराठीतील पहिले नाटक कोणते याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तंजावरच्या भोसले राजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीपासून मराठी नाटके लिहिलेली असून शाहराजांचे लक्ष्मीनारायण कल्याण हे त्यांपैकी एक प्रसिद्ध नाटक होय. ही परंपरा तंजावरच्या दरबारापुरती राहिली व महाराष्ट्रातील रंगभूमीशी तिचा धागा जुळला नाही. जोतीराव फुले यांनी इ.स. १८५५ मध्ये लिहिलेले तृतीय रत्न हे सामाजिक विषयावरील पहिले स्वतंत्र लिखित मराठी नाटक मानले जाते. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले आणि त्याचे प्रकाशन इ.स. १९७९ मध्ये झाले.

यामुळे मराठी भाषेतील पहिले नाटक विष्णुदासांचे, असे म्हणता येत नाही. मात्र तेव्हापासून आजपर्यंत खंड न पडता चालत आलेल्या सार्वजनिक व व्यावसायिक रंगभूमीचा प्रारंभ त्यांच्यापासून होतो, याविषयी फारसे दुमत नाही.

मूल्यमापन

वाङ्मयीन दृष्टीने विष्णुदासांच्या पदांना उच्च स्थान दिले जात नाही. त्यांची रचना साधी, कथनप्रधान व पुष्कळ ठिकाणी ठोकळेबाज आहे. त्यांचे खरे कर्तृत्व योजकाचे आहे. सर्वांना ठाऊक असलेल्या कथेस त्यांनी प्रवेशांचा क्रम दिला, नटांना पात्राचे वळण दिले, सूत्रधारास खेळाचा लगाम दिला आणि शब्दांचे स्वातंत्र्य नटांकडे ठेवले. राजाश्रय गेल्यावर ही सर्व व्यवस्था गाड्यांत घालून प्रेक्षकांच्या दारी नेण्याचे धैर्यही त्यांनी दाखविले. किर्लोस्करांच्या नाटकांतील सूत्रधार व मंगलाचरण, गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपन्या आणि तिकिटावर चालणारा नाट्यव्यवसाय यांची पूर्वपीठिका विष्णुदासांच्या कार्यात आढळते.

स्मृती

सीतास्वयंवराच्या प्रयोगास शंभर वर्षे झाली तेव्हा, इ.स. १९४३ मध्ये, सांगली येथे मराठी रंगभूमीचा शताब्दी महोत्सव वि. दा. सावरकर यांच्या अध्यक्षतेखाली साजरा झाला. सांगलीतील अखिल महाराष्ट्र नाट्य विद्यामंदिर समितीतर्फे दरवर्षी ५ नोव्हेंबरला ज्येष्ठ रंगकर्मीस विष्णुदास भावे गौरवपदक दिले जाते. या पदकाचे पहिले मानकरी बालगंधर्व होते. सांगलीतील भावे नाट्यमंदिर आणि नवी मुंबईत वाशी येथील विष्णुदास भावे नाट्यगृह ही त्यांच्या नावाची नाट्यगृहे आहेत. विष्णुदास भावे, गोविंद बल्लाळ देवल आणि सांगलीत जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्यामुळे सांगली नाट्यपंढरी म्हणून ओळखली जाते.